नारीन, ऐकू येतंय का?

पत्र आलं पोस्टानं, चौकटीच्या वहीतला कागद:
कान गेले माझे, अनिपा.
आता फोन करू नकोस.
सांगण्यासारखं काही असेल तर तोंड दाखव.

एकतीस वर्षं मी फ्रुंझेच्या एक्स्चेंजमध्ये,
बुरुल नारीनच्या.
लोकांचे ट्रंककॉल जोडता जोडता
मधल्या रिकाम्या सेकंदांत
आम्ही एकमेकींची लग्नं लावली, बाळंतपणं काढली,
तिचा नवरा मी पुरला, माझा तिनं.
पाहिलं मात्र कधीच नाही.
पाच तासांचा तर रस्ता, लोक म्हणायचे.
पाच तासांचाच रस्ता राहून जातो.
पाच दिवसांचा असता तर कधीच गेले असते.

भाचा म्हणाला, मावशी, जानेवारी आहे, एप्रिलमध्ये जाऊ.
एप्रिलमध्ये मी असेन, ती असेल,
हे तू कुठल्या एक्स्चेंजला विचारलंस?
मग एर्मेकनं मुकाट्यानं
जुन्या ऑडीच्या पोटाखाली ब्लोटॉर्च धरला,
बाळंतिणीला द्यावा तसा शेक दिला,
आणि गाडी खोकली.

कोचकोरच्या पुढे मला ते दिसले.
खांब.
रस्त्याच्या कडेनं, गुडघाभर बर्फात,
काही कलंडलेले, एकावर शिक्रा.
तारा नाहीत.
तांबं होतं ना, एर्मेक म्हणाला,
वाईट दिवसांत लोकांनी विकून पीठ आणलं.
मी काच खाली केली. दातांतली चांदी ठणकली.
इथून गेला होता तिचा खोकला,
शहाऐंशीच्या हिवाळ्यात, महिनाभर.
इथून तिच्या मुलीचं रडणं,
पाळण्यापाशी रिसीव्हर धरून मला ऐकवलेलं.
कुणाच्या तरी मयताची बातमी खोळंबली होती तेव्हा,
देवा, ती आठ सेकंद माफ कर.
मी खांब मोजत गेले.
दोनशे चौदानंतर झोप लागली.

दोलोनच्या घाटात वाट बंद.
पुढे ट्रकांची रांग, चीनच्या सरहद्दीकडे तोंड करून.
एक ट्रकवाला टाकीखाली जाळ करून
गोठलेलं डिझेल पातळ करत होता.
त्यानंच खिडकीतून चहा दिला, पाव मोडून दिला.
कुठे निघालात आजी, कोण वारलं?
हिवाळ्यात म्हातारी रस्त्याला लागली
की माणसं हेच विचारतात.
कुणी नाही, म्हटलं.
एक जिवंत आहे.

तो हसला नाही. आणखी साखर घातली.

नारीनला पोचलो तेव्हा दिवे लागले होते.
निळं फाटक. अंगणात फावड्यानं बर्फ ओढणारी
एक धिप्पाड बाई.
माझ्या कानातली बुरुल तर
चणीनं एवढीशी होती,
खुर्चीवर उशी घेऊन बसणारी.
घर चुकलं बहुतेक, मी एर्मेकला म्हटलं,
आणि तरी हाक मारली, जुन्या सवयीनं:
नारीन, नारीन, ऐकू येतंय का?

पाठ वळली नाही.
फावडं चालूच.

जवळ गेले, बाहीला हात लावला.
ती बघत राहिली. माझा चष्मा, माझे बूट,
कपाळावर आलेली बट,
एकेक आकडा ताडून पाहावा तशी.
मग बहिरी माणसं बोलतात तसं,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,
अनिपा! आवाजावरून तू उंच वाटायचीस.

रात्री एर्मेक बुटांसकट झोपला.
ती बोलत होती. तीन मिनिटं झाली
की माझा अंगठा आपोआप सरकायचा
टेबलाच्या कडेला, नसलेली किल्ली ओढायला.
ते तिच्या नजरेतून सुटायचं नाही. ती किटली पुन्हा भरायची.

माझी उत्तरं मी लिहायचे, तिच्याच वहीत,
एका चौकटीत एक अक्षर,
थंडीनं की कशानं, हात थरथरायचा.
ती दिव्याजवळ कागद नेऊन डोळे बारीक करायची
आणि ओरडायची,
लाइन खराब आहे, अनिपा,
पुन्हा सांग.